औषध दोघांनी घ्यायचे : क्लॅमिडियाची ओळख

"अंगावरून पांढरं जातं" हे वाक्य वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत आम्ही जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठलेच ऐकले नसेल. सांगताना आवाज खाली येतो, पदर तोंडाशी जातो. पुढचे वाक्यही ठरलेले असते : "गोळ्या घेतल्या होत्या ताई, बरं वाटलं होतं, परत सुरू झालं." या "परत सुरू झालं"च्या मागे पुष्कळदा काय असते, ते या वेळी सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पांढरे जाणे म्हणजे आजारच असे नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पाण्याच्या रंगाचा स्राव जातो, गरोदरपणात तो वाढतो, आणि त्याने "हाडं झिजतात" हे खोटे आहे. खाज नाही, वास नाही, दुखणे नाही, तर त्यासाठी औषध नको. दह्याच्या कवडीसारखे जाते आणि खूप खाज सुटते, ती बहुतेक वेळा बुरशी असते. मासळीसारखा वास येतो, त्याचे कारण वेगळे आणि औषधही वेगळे. या सगळ्यांना एकच "पांढऱ्याची गोळी" देणारे दुकानदार आणि घेणाऱ्या आपण, दोघेही अंदाजाने चालतो. या गर्दीत एक आजार असा आहे की तो स्वतःची फारशी खूण ठेवत नाही. त्याचे नाव क्लॅमिडिया.

नाव नवे वाटेल, पण हा जंतू आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीचा आहे. डोळ्यांच्या खुपऱ्या आठवतात? पापणीच्या आतून खरखरीत दाणे यायचे, पापण्या आत वळायच्या, केस बुबुळावर घासायचे आणि माणूस हळूहळू आंधळा व्हायचा. त्या खुपऱ्या करणारा जंतू आणि आज आम्ही सांगतो तो जंतू एकाच कुळातले, एकाच नावाचे. फक्त पोटजाती वेगळ्या. १९०७ साली जावा बेटावर खुपऱ्यांचा अभ्यास करताना तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. तो शरीराच्या पेशीच्या आत शिरून राहतो, म्हणून जगाला बराच काळ तो नीट समजलाही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की खुपऱ्या ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही. पाणी आले, तोंड धुणे वाढले, गावोगाव औषध पोचले. खुपऱ्यांबद्दल चावडीवर बोलायला कुणाला लाज वाटत नव्हती, हेही त्याचे एक कारण आहे असे आम्हाला वाटते. गुप्तांगाला होणारा त्याचाच भाऊबंद मात्र अजून घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये क्लॅमिडियाच्या सुमारे १२ कोटी ९० लाख नव्या लागणी झाल्या. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजारांत हा पहिल्या क्रमांकाचा. आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो त्याच्या मागे.

हा पसरतो कसा? लैंगिक संबंधातून, पुढून, मागून किंवा तोंडावाटे, कसाही. पुरुषापासून बाईला, बाईपासून पुरुषाला, पुरुषापासून पुरुषाला. आणि बाळंतपणाच्या वेळी आईपासून बाळाला. इतकेच. सार्वजनिक संडासात बसल्याने, एका बादलीतल्या पाण्याने, धुण्यातल्या कपड्यांतून, एका ताटात जेवल्याने तो होत नाही, कारण शरीराबाहेर हा जंतू तग धरत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वस्तीत पहिला संशय संडासावर जातो. आपल्या संडासांची अवस्था हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे, ते भांडण आपण मोर्चे काढून भांडतोच. पण या आजाराचे खापर त्याच्यावर फोडले की खरे कारण हातातून निसटते.

आता त्याची मोठी चलाखी. लागण झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. पुष्कळ पुरुषांनाही नाही. ज्यांना जाणवते त्यांना साधारण एक ते तीन आठवड्यांनी. बाईला स्राव वाढतो किंवा पिवळसर होतो, लघवीला जळजळते, पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्ताचा डाग दिसतो, संबंधाच्या वेळी आत दुखते, ओटीपोट भरल्यासारखे राहते. पुरुषाला लघवी करताना जळजळ होते, सकाळी लिंगाच्या टोकाला चिकट थेंब दिसतो, कधी एका बाजूचा गोळा सुजतो आणि दुखतो. पुरुष याला "गरमी झाली" म्हणतात आणि नारळपाणी, सब्जा पितात. नारळपाणी चांगलेच आहे, प्यावे. जंतू त्याने मरत नाही. आणि जुने लोक गरमी म्हणत ते खरे तर उपदंश या दुसऱ्याच आजाराला, त्याची तपासणी रक्तातून होते. मागच्या वाटेने संबंध येत असेल तर तिथे दुखणे, चिकट स्राव, रक्त असेही होते. हे डॉक्टरला सांगितले नाही तर तो मूळव्याध समजून मलम देतो.

काही दुखत नाही तर बिघडते कुठे, असे एका बैठकीत एका मावशींनी विचारले होते. प्रश्न बरोबर होता. बिघडते ते आत, न दिसणाऱ्या जागी. उपचार झाला नाही तर हा जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतो, गर्भाशयात जातो, तिथून गर्भनलिकांत. या दोन नळ्या म्हणजे बीज आणि गर्भाशय यांच्यामधली वाट. आतून त्या फार अरुंद. सूज आली, ती भरून येताना तिथे व्रण धरला, की वाट चिकटते. दोन्ही नळ्या पूर्ण बंद झाल्या तर दिवस राहत नाहीत. अर्धवट बंद झाली तर त्याहून धोक्याचे : गर्भ राहतो, पण गर्भाशयापर्यंत पोचत नाही, नळीतच वाढू लागतो. पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते, खांद्यात दुखते, अशा वेळी उद्याची वाट पाहू नका. नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि तासाभरात बाई हातची जाते. रिक्षा करा, १०८ ला फोन करा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

दिवस न राहणाऱ्या बाईचे आपल्याकडे काय होते, ते वेगळे सांगायला नको. चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की सासू बोलते, शेजारीण बोलते, मग दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. "वांझ" हा शब्द आम्ही बुद्ध विहाराच्या पायरीवरसुद्धा ऐकला आहे, तो ऐकून आमच्या अंगाचा तिळपापड होतो. त्या बाईच्या नळ्या ज्या जंतूने बंद केल्या असतील, तो तिला लग्नानंतर नवऱ्याकडूनच मिळालेला असू शकतो. हेही खरे की नळ्या बंद होण्याचे हे एकच कारण नाही. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग हेही मोठे कारण आहे, आणि दर वेळी दोष बाईतच असतो असे तर मुळीच नाही. म्हणून मूल होत नसेल तर पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची करा. सोपी असते, स्वस्त असते, सुई टोचत नाही. तरी तीच सगळ्यात शेवटी होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो : "परत सुरू झालं."

समजा सुनंदा म्हणू, दवाखान्यात गेली. डॉक्टरने तपासले, गोळ्या दिल्या, तिने न चुकता घेतल्या, आजार गेला. नवरा आलाच नाही, कारण त्याला काही होत नव्हते. त्याच्या अंगात जंतू होता तसाच राहिला. पंधरा दिवसांनी तो सुनंदाला परत मिळाला. ती पुन्हा गेली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी तिला वाटले, सरकारी औषधात दमच नाही, आणि ती वाडीतल्या बाबाकडे जडीबुटी आणायला गेली. औषधात दम होता. एका बाजूने घागर भरायची आणि तळाचे भोक तसेच ठेवायचे, असे ते झाले होते. या आजारात जोडीदाराला लक्षण असो वा नसो, दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचे असते. गेल्या दोन महिन्यांत ज्याच्या ज्याच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांनी. आणि औषध पूर्ण होईपर्यंत, एकाच वेळी घ्यायचा डोस असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध टाळायचा.

नवऱ्याला सांगायचे कसे, इथे गाडी अडते. सांगितले की पहिला सवाल : "हे कुठून आणलंस?" कधी तो सवाल बाई नवऱ्याला विचारते, पण मार बहुतेक वेळा तिलाच बसतो. म्हणून हे वाक्य दोघांनीही नीट वाचा. क्लॅमिडिया अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त काळ, काहीही न जाणवता राहू शकतो. आज रिपोर्ट आला म्हणजे काल कुणी काही केले असा अर्थ होत नाही. लग्नाआधीचा असू शकतो. आधी लक्षण ज्याला दिसले त्यानेच आणला, असेही नाही. लक्षण दिसणे हा केवळ योग आहे. कुणी आणला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. त्यावर भांडण करून कुणाचाच आजार बरा होत नाही. आम्ही जोडप्यांना सांगतो, हा प्रश्न सात दिवस बाजूला ठेवा, आधी गोळ्या घ्या. सात दिवसांनी विचारायचाच असेल तर विचारा.

ज्या बाईला घरी सांगणे धोक्याचे वाटते, तिने दवाखान्यातल्या समुपदेशकाला तसे स्पष्ट सांगावे. नवऱ्याला बोलावण्याची चिठ्ठी देता येते, त्यात आजाराचे नाव लिहायची गरज नसते. "लघवीच्या संसर्गाची तपासणी दोघांची करायची आहे" एवढे पुरते. मारहाणीची भीती असेल तर १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. आणि भावांनो, तुमच्या बायकोने चिठ्ठी आणून दिली तर जा. त्या दिवसाची मजुरी बुडेल हे आम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा औषध आणण्यात तिचेही तीन दिवस बुडालेले असतात.

उपचार तसा सोपा आहे, म्हणून तर आजार अंगावर काढल्याचा राग येतो. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन नावाची १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सात दिवस देतात. गरोदर बाईला ही देत नाहीत. तिला अॅझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस देतात. म्हणून दिवस गेले असतील, किंवा गेले असण्याची शंका असेल, तर ते आधी सांगा. कुठले औषध द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. आम्ही नावे सांगतो ती तुम्ही कागद वाचून प्रश्न विचारावेत म्हणून, मेडिकलवर जाऊन स्वतः घ्यावीत म्हणून नव्हे.

डॉक्सिसायक्लिनबद्दल नर्स म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. गोळी जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकते आणि छातीत अशी जळजळ होते की बाई दुसऱ्या दिवशी औषधच सोडते. लोहाची लाल गोळी, कॅल्शियम, अॅसिडिटीचे पातळ औषध तिच्याबरोबर घेऊ नये, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत, नाहीतर औषध अंगात नीट मुरत नाही. आपल्या बायका रक्तवाढीच्या गोळ्या आणि ही गोळी एकाच वेळी तोंडात टाकतात, हे आम्ही किती घरांत पाहिले आहे. उन्हात काम असेल तर डोके, हात झाकावेत, या दिवसांत कातडी लवकर भाजते. आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत. अर्ध्या औषधाने ना तुमचे भागते, ना तिचे.

तपासणी असते, लघवीतून किंवा आतल्या स्रावाचा बोळा घेऊन. पण ती महाग आहे, सगळीकडे होत नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात बहुधा लक्षणांवरूनच उपचार करतात. परमा आणि क्लॅमिडिया पुष्कळदा जोडीने असतात, लक्षणांवरून वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे दोघांवरची औषधे एकत्र देतात. ही औषधे रंगीत पाकिटांत येतात, राखाडी पाकीट या दोघांसाठीचे. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईला पिवळे पाकीट देतात, ते चौदा दिवसांचे असते. त्यातल्या एका गोळीवर दारू चालत नाही, मळमळून उलट्या होतात. पाकीट मोफत असते. लक्षण नसलेल्या माणसाला ही पद्धत पकडत नाही, हा तिचा मोठा दोष आहे, आणि म्हणूनच जोडीदाराला नेणे आणखी गरजेचे ठरते. एकदा झालेला आजार पुन्हा होऊ शकतो, अंगात त्याची प्रतिकारशक्ती टिकत नाही. शक्य असेल तिथे तीन महिन्यांनी परत तपासून घ्यावे.

गरोदर बाईने हा आजार अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. बाळाला जन्माच्या वाटेत जंतू मिळाला तर साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवशी डोळे सुजतात, चिकट पू येतो. अशा डोळ्यांत आईचे दूध किंवा काजळ घालत बसू नका, बाळाला दवाखान्यात न्या. काही बाळांना पहिल्या तीन महिन्यांत न्यूमोनिया होतो, ताप फारसा नसतो पण खोकल्याची उबळ येत राहते.

टाळायचा कसा? निरोध, दर वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथे वस्तीतला एक मोठा गैरसमज येतो. दोन-तीन मुलांवर बाईचे ऑपरेशन झाले की घरातला निरोध कायमचा जातो. "आता काय गरज?" ऑपरेशन दिवस राहू देत नाही, जंतूला ते अडवत नाही. तांबीही नाही, गोळ्याही नाहीत. कामासाठी महिनोन्‌महिने बाहेरगावी राहणारे ड्रायव्हर, बिगारी, ऊसतोडीचे मजूर आणि घरी वाट पाहणाऱ्या त्यांच्या बायका, दोघांनाही हे माहीत असायला हवे. निरोध आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. मागायला लाज वाटते म्हणून काही ठिकाणी खोकाच दाराशी ठेवलेला असतो, तिथून उचलायचा. आत डेटॉल, तुरटीचे पाणी, साबण घालून धुणे बंद करा. त्याने जंतू मरत नाही, उलट तिथले चांगले जंतू मरतात आणि नवी दुखणी लागतात. बाहेरून साध्या पाण्याने धुतले तरी पुरते.

असे विषय घराघरांत जाणाऱ्या मासिकात छापावेत का, असे काही ज्येष्ठ विचारतात. त्यांना आम्ही एवढीच आठवण करून देतो की र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे देत. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कोर्टात त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. खटला कर्वे हरले. मासिक त्यानंतरही १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले.

रेल्वेच्या भिंतीवर, गाडीच्या संडासात "गुप्तरोगाचा शर्तिया इलाज" म्हणून नंबर रंगवलेले असतात, तिथे जाऊ नका. पैसे जातात, आणि गेलेले महिने परत येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असते. केसपेपर काढताना आजार मोठ्याने सांगायची गरज नाही, "सुरक्षा क्लिनिक" किंवा "त्वचा व गुप्तरोग विभाग" एवढे म्हटले की पुरे. बाई डॉक्टर हवी असेल तर मागा. तपासताना पडदा आणि सोबत बाई असणे हा तुमचा हक्क आहे. तिथे एचआयव्ही आणि उपदंश यांची रक्ततपासणी करून घ्या असे सुचवतात, ती करून घ्यावी असे आम्हीही सांगतो. मात्र २०१७ च्या कायद्याप्रमाणे एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. आधीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घरात असेल तर ती बरोबर न्या, शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेवून जा. जवळचे केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते, नाव सांगावे लागत नाही. सकाळी लवकर निघा, बाह्यरुग्ण विभागाचे केसपेपर बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत बंद होतात. आणि जमेल तर दोघे मिळून जा.